एक थेंब पडला तर रिजेक्ट

"बाबा, आता बस्स झालं!" आल्हाद पोर्चमधूनच ओरडला.

पुण्याहून पैसे पाठवून त्यानं विजय नगरच्या घराला नव्या टाइल्स बसवून घेतल्या होत्या. हौसेनं सुट्टी काढून आला आणि पाहतो तो काय, पांढऱ्याशुभ्र टाइल्सवर ताटलीएवढा काळा डाग! डागावर वडिलांची गाडी उभी होती. आल्हादपेक्षा वर्षभरानं मोठी. तो जन्मला तेव्हा त्याला दवाखान्यातून घरी आणलं ते याच गाडीनं, म्हणजे तसं पाहिलं तर घरातलं थोरलं लेकरू तीच.

"भंगारवाला सोमवारी येऊन राहिला. मी बोललो त्याच्याशी."

शशिकांतराव मुलमुले खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत छत्तीस वर्षं इन्स्पेक्टर होते. माल पास की रिजेक्ट, हे ते ठरवायचे. सख्ख्या मेहुण्यानं बनवलेला नगही त्यांनी एकदा केसभर फरकासाठी परत पाठवला होता. मेहुणा अजून दिवाळीला फोन करत नाही. अशा माणसाची गाडी तपासल्यावाचून भंगारात जाणार?

"इन्स्पेक्शन झाल्याशिवाय काहीच रिजेक्ट होत नसते," ते ताठ होऊन म्हणाले. "रविवारी जेवण झालं की गाडीखाली पांढरा कागद टाकू. चहापर्यंत एक थेंब जरी पडला, तर घेऊन जा म्हणा. नाही पडला तर गाडी घरीच राहते."

"पक्का?"

"मुलमुल्याचा शब्द आहे."

बोलून तर गेले. गाडी गळते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? दुसऱ्याच दिवशी त्यांनी गोहलपूरच्या अंजनी मिस्त्रीला गाठलं. त्यानं इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं, खालचे बोल्ट आवळले आणि हात पुसत बजावलं, "बाबूजी, अब बाकी मैल को मत छेड़ना. पुरानी गाड़ी है, मैल ने ही थाम रखी है."

आता इन्स्पेक्टरला मळ दिसावा आणि त्यानं तो राहू द्यावा, हे कधी झालंय का? शनिवारी सकाळीच रॉकेलची बाटली आणि ब्रश घेऊन शशिकांतराव बॉनेटमध्ये शिरले.

"अहो, माझा देवाच्या भांड्यांचा ब्रश काहून घेतला?" कुंदाताई किंचाळल्या.

"हे देवाचंच काम आहे."

दुपारपर्यंत इंजिन असं लखलखलं की त्यात पाहून भांग पाडावा. एका रबरी नळीवर डांबरासारखा चिकट गोळा बसला होता. तोही त्यांनी खरवडून, कापून कचऱ्यात फेकला आणि ऐटीत गाडी सुरू केली. टप, टप, टप! आधी एका जागी गळायची, ती आता तीन जागांनी गळायला लागली. सर्वांत मोठी धार त्या रबरी नळीतून होती.

"करायला गेले एक!" म्हणत कुंदाताईंनी कचऱ्यातला तो गोळा चिमटीत उचलला आणि एकदम थबकल्या. "मायबाई! हा तर माझ्या पातळाचा काठ आहे! अमरकंटकच्या रस्त्यावरचा."

आल्हाद पुढं आला. मळाखालून हिरवी किनार डोकावत होती. तो सात वर्षांचा असताना घाटात ही नळी चिरली होती. आईनं नव्या पातळाचा काठ फाडून दिला होता, आणि बाबा तो बांधेपर्यंत आल्हाद चिरेवर अंगठा दाबून उभा होता. तेव्हापासून ती चिंधी तिथंच होती.

"तुम्ही म्हणाले होते, अंगठा काढशील तर गाडी दरीत जाईल," आल्हाद म्हणाला. "मी रडून राहिलो होतो, पण काढला नाही. आणि गाडी तर उभीच होती बाबा! चाकाला दगड लावलेले!"

"तू टिकून राहावं म्हणून म्हटलं," शशिकांतराव पुटपुटले.

तसली नळी आता बाजारात मिळत नव्हती. रविवारी त्यांनी चिरेवर आणि बाकीच्या दोन्ही जागांवर साबण चोपडला, देवाला हात जोडले आणि गाडीखाली कोरा कागद सरकवला. शिरस्त्याप्रमाणे कोपऱ्यात सही केली, सहीखाली एक सरळ रेघ ओढली. खुर्ची टाकून स्वतः पहारा द्यायचा विचार होता, पण वरण-भातानं दगा दिला. पाचव्या मिनिटाला इन्स्पेक्टरसाहेब घोरायला लागले.

जाग आली ती कुंदाताईंच्या हाकेनं. "अहो उठा! कागद कोरा आहे! एक थेंब नाही!"

शशिकांतराव अनवाणीच धावले. कागद खरंच लख्ख होता. डोळ्यांत पाणी आलं. गाडी वाचली! पण छत्तीस वर्षांची सवय. चष्मा आपोआप नाकावर चढला आणि नजर कोपऱ्यात गेली. सही होती. सहीखाली रेघही होती. आणि रेघेखाली दोन टिंबं होती.

त्यांनी जन्मात सहीखाली टिंबं दिली नव्हती. ही टिंबं त्यांनी एकदाच पाहिली होती, आल्हादच्या आठवीच्या गणिताच्या पेपरवर. शंभरात सतरा मार्क आणि पोरानंच ठोकलेली वडिलांची हुबेहूब सही! तेव्हा ते पोराशी दोन दिवस बोलले नव्हते.

त्यांनी हळूच मान वळवली. आल्हाद पायरीवर बसून पेपर वाचत होता. पेपरच्या कडेवर अंगठ्याचा काळा, तेलकट ठसा उमटला होता.

"काय मग इन्स्पेक्टरसाहेब?" तो पेपरमागूनच म्हणाला. "पास की रिजेक्ट? भंगारवाल्याला काय सांगू?"

शशिकांतरावांना मेहुणा आठवला. सगळी नोकरी डोळ्यांपुढून गेली. त्यांनी खिशातून पेन काढलं, कागदावर मोठ्या अक्षरांत 'पास' लिहिलं, खाली सही केली, रेघ ओढली, आणि तिच्याखाली सावकाश दोन टिंबं दिली.