शांतवनमामा झाडाला जागा बघतात

शांतवनमामा आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी खुर्ची नाकारली, पाट नाकारला आणि थेट पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये अंग चोरून जमिनीवर बसले. खिशातून कालचा पेपर काढला आणि वाचायला लागले. मी आपला पाण्याचा तांब्या घेऊन उभा. माझी बायको कमल स्वयंपाकघराच्या दारातून मला खुणा करतेय, ह्यांना झालंय तरी काय!

"बोलू नका मास्तर," मामा पेपराआडून म्हणाले. "झाड जिथं बसणार, तिथं आधी मी बसतो."

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये हे कुणालाच नवीन नव्हतं, नवीन आम्ही होतो. मामा मालगाडीवर गार्ड. मूळचे शिरूरचे, मिशनच्या आवारात वाढलेले. तिथल्या बंगल्याच्या व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घालता घालता त्यांना हा नाद लागला. बायको वारून बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पण त्यांच्या क्वार्टरमध्ये पाय ठेवायला जागा नसे. खिडकीत डालडाच्या डब्यांत रंगीत क्रोटन, मोरीवर नेचे, खाटेशेजारी पट्ट्यापट्ट्यांच्या ताठ पानांच्या झाडांची ओळ. खाटेवर कसेबसे मामा.

आता मामा महिन्याभरात रिटायर होणार होते. क्वार्टर सोडून वरवंडला पुतण्याकडे राहायला जायचं होतं. पुतण्यानं निरोप धाडला होता, "तुम्ही खुशाल या, पण तो पाला आणू नका." म्हणून मामा एकेका झाडाला घर शोधत हिंडत होते. उपवर मुलीचा बाप परवडला, तो निदान चहा तरी वेळेवर घेतो!

परीक्षा सोपी होती. कोपऱ्यात बसून पेपरातल्या बारीक जाहिराती वाचता आल्या तर तिथं क्रोटन. नुसत्या बातम्या वाचता आल्या तर नेचा. मथळेच तेवढे दिसले तर ते पट्ट्यांचं. आणि मथळाही दिसेना, तर मामा उठत, पँट झटकत आणि म्हणत, "सिग्नल पडत न्हाई." मग घर कलेक्टरचं असलं तरी झाड मिळायचं नाही.

शिरूरच्या एका शेठजींना बैठकीत शोभेला क्रोटन हवा होता. मामा तक्क्यामागं जाऊन बसले आणि म्हणाले, "शेठ, हितं भर दुपारी बत्ती लागती. झाड काय हिशोब लिहिणार हाय का?" शेठजी चिडले. त्यांनी पुण्याहून दुसरा क्रोटन आणवला आणि तो पंधरवड्यात काडी होऊन उभा राहिला. हे कळल्यावर मामा यष्टीनं शिरूरला गेले, दुखवट्याला! टोपी काढून शेठजींसमोर गप्प बसून राहिले. शेठजींना हसावं की हाकलावं कळेना. शेवटी त्यांनी चहा मागवला.

उलट करीमभाई शिंप्यांचं दुकान मामांना भलतंच पसंत पडलं. "सणासुदीला त्या माणसाला जेवायची शुद्ध नसती. झाडाला पानी घालायला इसरतोय बघा! ह्या पट्टेवाल्याला जादा पानी सोसत न्हाई, असंच घर पायजे हुतं." मुलीसाठी दुर्लक्ष करणारं सासर शोधणारा बाप मी पहिल्यांदाच पाहिला.

आमचा कोपरा मात्र बातम्यांपर्यंत पास झाला. कमल खूश. तिनं नेचा मागितला. मामा म्हणाले, "तुळशीला पानी घालून दावा." तिनं भरली कळशी रिकामी केली. मामांनी डोळे मिटले.

"वहिनी, तुमचा हात लई मायाळू हाय. बुडून मरंल माझं पोर."

झालं! आठवडाभर कमल त्यांचं नाव काढू देईना. "मला म्हणे झाड जगवता येत नाही! दोन पोरं जगवली ती काय पेपर वाचून?" मग एके सकाळी मामा काचेच्या बाटलीत मनीप्लांटची फांदी घेऊन हजर. "ह्ये पान्यातच ऱ्हातं. आता किती बी वता." कमल हसली, आणि त्या दिवसापासून मामांचा एका वेळचा डबा आमच्याकडून जाऊ लागला.

महिनाअखेरीपर्यंत सगळी झाडं मार्गी लागली. मामांकडे उरली एक ट्रंक आणि एक वळकटी. त्यांना पोचवायला आम्ही दोघं वरवंडला गेलो.

पुतण्याचं घर चांगलं प्रशस्त होतं, पण मामांची खोली मागच्या अंगाला. खिडकी होती, तिच्यापुढं छतापर्यंत पेंडीची पोती रचलेली. आत पाऊल टाकलं तर खाट कुठं आहे ते दिसेना. मामांनी खोलीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "निघा तुम्ही, यष्टी चुकंल."

अहो, एका नेच्यासाठी दौंड पालथं घालणारा हा माणूस! मला राहवेना. "मामा, ही खोली तुम्ही आधी बघायला नको होती का?"

"मानसाचं काय मास्तर, मानूस कुटं बी ऱ्हातं." वळकटी खाली ठेवत म्हणाले, "गाडीवरनं आलो की क्वार्टरात कुणीतरी वाट बघत असावं, म्हनून झाडं लावली. आता गाडीच न्हाई."

कमलनं पदर खोचला. कुणाला न विचारता तिनं एका पोत्याला हात घातला. पुतण्या ओशाळला, "अहो बाई, राहू द्या, मी काढतो की," म्हणत पुढं आला. आम्ही तिघांनी पोती बाहेर ओढली आणि खिडकी उघडली. सगळा उजेड मामांच्या तोंडावर पडला, तेव्हा दिसलं, मामा रडत होते.

"मामा," कमल घाम पुसत म्हणाली, "शनिवारी जेवायला यायचं. दर शनिवारी. मी वाट बघणार आहे."

मामांनी घाईघाईनं पाठ फिरवली आणि पुतण्याला विचारलं, "काय रं, शनिवारी दौंडला पयली यष्टी किती वाजता असती?"