खळ्यातलं ऊन पाणी

मी कोणतंही काम आधी वहीत मांडल्याशिवाय करत नाही! चौतीस वर्षं शाळेत मुलांना मी दोनच गोष्टी शिकवल्या. गणित आधी मांडा, मग सोडवा. आणि जेवढं विचारलं असेल तेवढंच, पण नेमकं उत्तर द्या. या दोन्ही गोष्टींचा मला आयुष्यभर फायदा झाला. एक दिवस सोडून.

चौऱ्याऐंशी सालचा पौष महिना होता. आमच्या येसूबाईचे, म्हणजे माझ्या बायकोचे, गुडघे धरले होते. राजापूरजवळ उन्हाळे म्हणून गाव आहे, तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यात बसलं की तिला चार दिवस बरं वाटायचं. पण लांज्याजवळच्या आमच्या वाडीत एसटीने परत येईपर्यंत त्यातले तीन दिवस खड्ड्यांत सांडून जायचे! शेवटी ती म्हणाली, "आता मी नाय जायची. गुडघे गेले तर गेले." आणि काठी घेऊन माजघरात बसली ती बसलीच. महिनाभर वाडीत कुणाला दिसली नाही.

"मग झराच घरी आणतो!" मी म्हटलं.

पूर्णगडचा आत्माराम माझा जुना विद्यार्थी. बोटीवर खलाशी. त्याने खबर आणली की रत्नागिरीत एक जुना बंगला पाडतायत, त्यातला आंघोळीचा टब विकायचा आहे. ओतीव लोखंडाचा, आतून पांढराशुभ्र, माणूस पाय पसरून मावेल एवढा.

"गुरुजी, आमचा कप्तान असल्याच टबात तास तास बसतो. हाडं लोण्यासारखी मऊ होतात!"

हाडं मऊ झाल्यावर माणूस उभा कसा राहणार, असा प्रश्न मला पडला. पण टब घेतला.

ट्रक आला रस्त्यापर्यंत. तिथून घरापर्यंत पाखाडी, चिऱ्यांच्या एकशे बारा पायऱ्या. टबाला ओरखडा नको म्हणून आत्मारामने त्यावर पांढरी चादर घातली, सुंभाने तो दोन बांबूंना बांधला आणि चौघांनी खांदा दिला. वजनाने चौघांच्याही माना खाली, तोंडातून शब्द नाही. पुढे मी, टोपी घामाने भिजली म्हणून बोडका. वाटेत वाडीतला धाकू भेटला. त्याने वहाणा काढून हात जोडले. टबाबद्दल वाडीत एवढा आदर असेल असं मला वाटलं नव्हतं!

टब न्हाणीत बसला. बूच हरवलं होतं, तिथे नारळाच्या सोडणाचा तुकडा ठोकला. लांबी, रुंदी, खोली मोजून मी वहीत गणित मांडलं. उत्तर आलं अडतीस घागरी. आमच्या हंड्यात मावतात चार! म्हणजे शेवटचा हंडा तापेपर्यंत पहिला गारढोण. यावर उपाय सोपा होता. घरापुढच्या खळ्यात तीन चिरे मांडले, वर भात उकडायचा बारा-तेरा घागरींचा टोप चढवला आणि खाली जाळ केला.

आता, आमच्याकडे खळ्यात तीन चिऱ्यांवर पाणी कधी तापवतात हे पहिलीतलं पोरही सांगेल. घरात कुणी गेलं, की त्याच्या शेवटच्या आंघोळीसाठी. मलाही माहीत होतं. पण वहीत त्याला रकाना नव्हता!

येसूबाईला धीर निघेना. दोन टोप ओतून होताच मी आणि आत्मारामने तिला लुगड्यासकट उचलून टबात बसवलं, दार लोटलं, आणि मी खळ्यात येऊन तिसऱ्या टोपाखालची लाकडं फुंकू लागलो. धुराने डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढ्यात आमचा शेजारी गंगाराम धावत आला.

"गुरुजी! वहिनी कुठे?"

"आत आहे. आम्ही दोघांनी उचलून ठेवली."

"अरे देवा! काही बोलल्या का शेवटी?"

"पाणी मागितलं."

"आणि तुम्ही दिलंत ना?"

"देतोय की! तापू तर दे."

गंगारामने डोळे पुसले. "मुंबईला मुलाला तार करू?"

"तार कशाला? पत्र टाकीन सावकाश. शिमग्याला यायचाच आहे तो."

गंगाराम माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी राक्षस आहे! मग पाखाडी चढून गेला.

तिसरा टोप आत्मारामने बादल्यांनी आत नेऊन ओतला तोवर खळं माणसांनी भरलं होतं. सगळे टब बघायला आले असं समजून मी म्हटलं, "एकेकाने आत जा, गर्दी नको." बायका पडवीत शिरल्या. सर्वांत पुढे मालन.

मालन ही येसूबाईची चुलत जाऊ. घर आमच्या दगडी गडग्यापलीकडेच. पण आमच्या पूजेच्या गडबडीत बिडाचा तवा नाहीसा झाला, येसूबाईने मालनवर आळ घेतला, मालनने ग्रामदेवतेची शपथ घेतली, आणि दोन वर्षं दोघींचा अबोला. ती मालन न्हाणीच्या दाराशी बसली आणि तिने टाहो फोडला.

"अगो येसू! कशी गो गेलीस मला टाकून? तुझ्यासारखी घावनं कोण घालणार गो आता? तवा माझ्याकडंच हाय गो! माळ्यावर ठेवलाय गो! द्यायचा राहूनच गेला गो बाय माझे!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तोंड उघडणार, इतक्यात आत पाण्याचा मोठा आवाज झाला. दार उघडलं. वाफेच्या ढगात, निथळत्या लुगड्यात, काठीशिवाय, येसूबाई उभी!

"माळ्यावर कुठल्या बाजूला?" तिने विचारलं.

"गोणत्याखाली," मालन म्हणाली, आणि मग तिची दातखिळी बसली. बायका वाट फुटेल तिकडे पळाल्या. धाकू तर गडग्यावरून उडी मारून गेला!

जो काठ ओलांडायला दोन माणसं लागली होती, तो येसूबाईने एकटीने ओलांडला होता. तशीच तरातरा मालनच्या घरी गेली, माळ्यावर चढली आणि तवा घेऊन आली. मी वहीत लिहिलं, 'टबाने गुण येतो.'

"टबाने नाय," ती केस पुसत म्हणाली, "तव्याने!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा मुंबईहून आला. गंगारामने तार केलीच होती. पोरगा रडत पाखाडी उतरला आणि पाहतो तर आई चुलीपुढे घावनं घालतेय! तो पाट ओढून बसला. मग सात घावनं खाल्ली. बाहेर गडग्यावर मालन हातात मलूल, शिजलेली पालेभाजीची जुडी नाचवत आम्हाला शिव्या देत होती. उठताना येसूबाईची टाच लागून टबाचं बूच निघालं होतं, आणि आमच्या न्हाणीचं पाणी जातं ते थेट मालनच्या वाफ्यात.

हात धुऊन मुलाने मला विचारलं, "बाबा, मग गेलं तरी कोण?"

विचारलं होतं तेवढंच मी नेमकं सांगितलं.

"अडतीस घागरी ऊन पाणी. आणि मालनचा लाल माठ."