आगाशे सरांचा उलटा वर्ग

आगाशे सर बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, भुवयांकडे बघत. पस्तीस वर्षं फिजिक्स शिकवून त्यांनी एकच शोध लावला होता: न समजलेलं पोर मान डोलावतं, पण भुवई खोटं बोलत नाही. "ए तीसरी बेंच, तेरी भौंह अटकी हुई है," असं म्हणून ते धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू करत, मग घंटा होवो नाहीतर काही होवो. एकदा लखनौच्या कपूरथला बाजारात दसहरी आंबे घेताना त्यांनी आंबेवाल्या भैयाला तराजूमागचं शास्त्र समजावलं आणि मागे ताटकळलेल्या बायकांना सांगितलं, "रुकिए, इनको अभी समझा नहीं." त्या बायकांत मीही होते. लखनौत येऊन मला जेमतेम महिना झालेला, आणि इथे भेटलेला पहिला मराठी माणूस हा असा! मी हादरलेच.

नवरा हवाई दलात, म्हणून मी लखनौत. पुढे इथल्या महानगर नावाच्या भागातल्या सरांच्याच शाळेत मी कंप्युटर शिकवायला लागले आणि आयतीच त्यांच्या तावडीत सापडले.

एक दिवस प्रिन्सिपल मॅडम दिल्लीहून वर्कशॉप करून आल्या आणि स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी 'फ्लिप्ड क्लासरूम' जाहीर केली. म्हणजे धडा मुलांनी घरी व्हिडिओवर बघायचा आणि गृहपाठ वर्गात, शिक्षकांसमोर करायचा. सगळा कारभार उलटा. सर ताडकन उभे राहिले.

"मैडम, बच्चा घर में अटक गया तो किससे पूछेगा? पंखे से?"

"सर, वीडियो को वो रोक सकता है, दस बार देख सकता है. आपको आज तक कोई रोक पाया है?"

सगळे हसले. खरं सांगायचं तर मला मॅडमचंच पटत होतं. वर्गात हात वर करायला लाजणारी पोरगी घरी तेच वाक्य चारदा ऐकेल, त्यात वाईट काय? पण सर हटेनात. शेवटी मॅडम वैतागल्या. "सोमवार तक रिफ्रैक्शन का वीडियो दीजिए, नहीं तो नाइंथ किसी और को दे दूँगी."

सर खाली बसले. नववी म्हणजे त्यांचा जीव. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्याचाच मला जास्त धक्का बसला.

बाहेर आल्यावर म्हणाले, "वैशाली, त्या फोनला भुवया नाहीत गं. मी बोलू कुणाशी?"

"मी बसते ना सर समोर."

रविवारी सकाळी त्यांच्या घरी शूटिंग झालं. स्टँडवर फोन, मागे मी. सरांनी वाटीत नाणं ठेवलं, वाटी इतकी लांब सरकवली की काठाआड नाणं दिसेना, आणि मग तिच्यात हळूहळू पाणी ओतलं. नाणं दिसायला लागलं! "नाणं हललं का? नाही. मग हललं काय?" इथून जे सुटले ते अठरा मिनिटं. मी शाळेत असताना हे पाठ केलं होतं, समजलं त्या दिवशी. भारावून जाऊन मी व्हिडिओ तिथूनच शाळेच्या साइटवर चढवला.

सोमवारी मॅडमनी दोघांना बोलावलं. स्क्रीनवर सर होते.

"ये क्या है?"

"रिफ्रैक्शन," मी म्हणाले.

"किस भाषा में?"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. अठराच्या अठरा मिनिटं अस्सल मराठी! समोर मी बसलेली, सर माझ्याशी बोलत राहिले, मी ऐकत राहिले, आणि दोघांपैकी एकालाही पत्ता नाही. "मैं हिंदी में ही बोला हूँ," सर ठासून म्हणाले. मग त्यांनी स्वतः दोन मिनिटं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. नववीच्या मुलींचा निरोप तोवर आलाच होता: सर, बहुत अच्छा था, बस समझ में कुछ नहीं आया.

मॅडम मात्र भल्या. आधी थक्क झाल्या, मग पोट धरून हसल्या, आणि एक दिवस वाढवून दिला. "इस बार सामने किसी शुक्ला-मिश्रा को बिठाइए."

त्याच संध्याकाळी सरांच्या घरी शेजारच्या शुक्ला भाभी येऊन बसल्या. धडा हिंदीत झाला, नववी वाचली, भाभी आपल्या घरी गेल्या. मी तो जुना व्हिडिओ पुसायला घेतला, तर सर केवढ्यांदा ओरडले, "पुसू नकोस!"

मी दचकून हात मागे घेतला. ते खुर्चीत बसले.

"सुमन विचारायची," ते म्हणाले. सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. मी लखनौत येण्याआधीच गेल्या होत्या. "म्हणायची, दिवसभर त्या पोरांना एवढं काय सांगता हो? एकदा मलाही सांगा की. मी म्हणायचो, तोंड दुखतंय, उद्या. घरी मी बोलायचोच नाही गं. सगळं शाळेत संपवून यायचो."

बाजारात आंबेवाल्यालाही न सोडणारा हा माणूस घरात मुका होता? माझा विश्वास बसेना. आणि मग फार वाईट वाटलं.

"हे टीव्हीवर लागेल का?" त्यांनी विचारलं.

मी पेन ड्राइव्हवर घालून लावून दिलं. पडद्यावर वाटी आली, नाणं आलं, सरांचं मराठी सुरू झालं.

"आवाज वाढव जरा," सर म्हणाले. "टीव्ही ती स्वयंपाकघरातून ऐकायची."