काळं भस्म आणि पाच टक्के

भस्म लावावं की नाही, हा प्रश्न मी पाच मिनिटांत सोडवला. बी.एस्सी.ला संभाव्यतेत शंभरपैकी एक्क्याण्णव मार्क उगाच पडत नाहीत!

ओझरच्या कारखान्यात नोकरीला लागलेल्या माझ्या मित्राला, गोटीरामला, अमेरिकेतल्या मामाने एक खेळ पाठवला होता. आपण एकेक वीर रचायचा, गोटीराम संकटं सांगणार, आपण वीराच्या वतीने तोंड द्यायचं. दर रविवारी पंचवटीत त्याच्या घरी आम्ही जमायचो. माझा वीर भिमाजी आठ महिने जिवंत होता. इतके दिवस माझी एकही नोकरी टिकली नव्हती.

त्या रविवारी भिमाजीला काळं भस्म सापडलं. कपाळाला लावलं की दहा हत्तींचं बळ! पण दर वेळी डब्यातून एक चिठ्ठी काढायची. एकोणीस कोऱ्या, एकीवर ‘वेताळ’. तो निघाला की वीर वेताळाचा गुलाम, आणि खेळाडूने दिवाळीपर्यंत फक्त चहा करायचा.

“नको लावू,” मित्र मंगळू म्हणाला. “असली शक्ती माणसाला आतून पोखरते.”

“हा नीतीचा प्रश्नच नाही. विसात एक, म्हणजे पाच टक्के. दर वेळी तेवढेच.”

चिठ्ठ्या काढायला गोटीरामच्या आई, सुमनबाई. गल्लीतली भिशी त्याच चालवत, त्यामुळे त्यांच्या हाताबद्दल शंका नाही. मटार सोलता सोलता त्या डब्यात हात घालत आणि म्हणत, “कोरी.”

पहिल्यांदा भस्म राक्षसासाठी लावलं. मग चिखलात रुतलेल्या घोड्यासाठी. मग बाजारात कांद्याचा भाव पाडायला.

“अरे, कांद्याला दहा हत्ती?” मंगळू ओरडला.

एकोणीस वेळा कोरी! भस्म मला बाधतच नाही, अशी माझी खात्री झाली. विसाव्यांदा लावलं ते भिमाजीच्या पायातला काटा काढायला.

“वेताळ,” सुमनबाई म्हणाल्या आणि डबा उपडा केला. “संपल्या.”

“संपल्या? काकू, तुम्ही परत टाकत नव्हता?”

“निघालेली चिठ्ठी परत टाकतात होय? मग बाकीच्या बायकांचा नंबर कधी लागायचा?”

मटारच्या सालांखाली एकोणीस कोऱ्या चिठ्ठ्या निघाल्या.

“काय रे,” मंगळूने विचारलं, “विसाव्या वेळी धोका किती टक्के होता?”

मी चहासाठी आलं किसत होतो.