अत्तारांचा कोंडवाडा

माझ्या नावानं एकदा आमच्या कॉलेजातल्या सगळ्या स्टाफला, प्राचार्यांसकट, पोट कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात गेली. "तुमची मेलपेटी भरली आहे, ताबडतोब पासवर्ड कळवा" असं पत्र मला आलं होतं. मी कचेरीचा अधीक्षक. ताबडतोब म्हटलं की आमचा हात आपोआप चालतो. कळवला. ज्यांनी माझं पोट पाहिलं होतं, त्यांना त्या गोळ्यांबद्दल लगेच शंका आली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजचा मेल सर्व्हर सांभाळणारे अत्तार माझ्या टेबलाशी आले. ती जाहिरात त्यांनी छापून आणली होती. कागद नाकाशी धरून म्हणाले, "साहेब, एवढा वास येतोय, आन् तुमाला न्हाई आला?"

अत्तारांना प्रत्येक पत्राचा वास यायचा. त्यांचे आजोबा कोरेगावच्या बाजारात अत्तराच्या कुप्या विकायचे. कुप्या गेल्या, नातवाच्या वाट्याला नाक तेवढं राहिलं. बाहेरून येणारी प्रत्येक मेल आधी त्यांच्या चाळणीतून जायची, आणि त्या चाळणीला त्यांनी गुण ठरवून दिले होते. 'प्रिय'ला एक, 'महत्त्वाचे'ला दोन, 'अभिनंदन'ला तीन. पाच झाले की पत्र अडकलं. अडकलेली पत्रं जिथं पडत त्या फोल्डरला ते कोंडवाडा म्हणत. "मोकाट जनावर आत. ज्याचं हाय त्यानं यावं, सोडवून न्यावं."

प्राचार्यांना आलेलं एक अभिनंदनाचं पत्र तीन दिवस आत होतं. जाब विचारला, तर हे म्हणाले, "दोनदा अभिनंदन लिवलंय. सहा गुण. खरा माणूस एकदाच करतो."

माणसांनाही हीच चाळणी. "काय अत्तार, बरे आहात ना, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत," असं कुणी म्हटलं की, "दीड गुण झाले. काम बोला." आमच्या घरी एकदा आले, तेव्हा बायकोनं लाडवाचा आग्रह केला.

"वहिनी, आग्रहाला दोन गुण."

"मग उरलेले तीन चहात घालते, भाऊजी," ही म्हणाली. अत्तार हसले नाहीत. चहा मात्र दोन कप प्याले.

आमचे जाधव सर निवृत्त होऊन मेढ्याला गेले. मग त्यांच्या पत्नी वारल्या, मग कान गेले. फोनचा उपयोग संपला, म्हणून ते रोज सगळ्या स्टाफला एक मेल करू लागले. सुरुवात 'प्रिय मित्रहो', विषयाच्या जागी कायम 'महत्त्वाचे'. आत काय, तर आज धुकं किती होतं, भात पोटरीला आला, कुत्र्यानं चप्पल खाल्ली. प्रत्येक वेळी गुण कमी पडत आणि पत्र सुखरूप आमच्यापर्यंत येई. स्टाफ वैतागला. तक्रारअर्जाचा मसुदा मी केला. चांगला उतरला होता. सगळ्यांनी सह्या केल्या, प्राचार्यांनी शेरा मारला, "कायमचे अडवावे."

अत्तार तो कागद घेऊन आले. "साहेब, या पत्राला वास न्हाई."

"रोज तेच ते असतं, अत्तार. आणि साहेबांचा हुकूम आहे."

"हुकूम हाय," म्हणाले, आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून सरांची मेल बंद. आम्ही सुखी झालो.

पुढं अत्तार निवृत्त झाले, त्याच महिन्यात मेलचं काम, अडवलेल्या पत्त्यांच्या यादीसकट, बाहेरच्या एका कंपनीकडे गेलं. निवृत्तांपैकी कुणाचे पत्ते चालू ठेवायचे, ती यादी मी करायची होती. शेवटच्या दिवशी शाल-नारळ घेतलेले अत्तार माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"साहेब, एक विनंती व्हती. माझा पत्ता तेवढा चालू ठेवा. लय उपकार व्हतील."

मी म्हणालो, "विनंती, उपकार, वर आणखी लय. किती गुण झाले, अत्तार?"

कचेरी हसली. तेही थोडे हसले, आणि पलूसला पुतण्याकडे राहायला गेले. मी यादी पाठवली. त्यांचं नाव घालायचं राहून गेलं.

महिन्याभरानं जाधव सर कचेरीत हजर. मेढ्याहून सातारा, तिथून दुसरी एसटी. ऐकू न येणारा माणूस बोलतो तसं मोठ्यानं विचारलं, "अत्तार गेला काय रे?"

मी कागदावर लिहिलं, 'नाही. पलूसला आहेत. खुशाल आहेत.'

"मग लिहीत का नाही? इतकी वर्षं एक दिवस चुकला नव्हता. मी चार ओळी लिहायचो, तो दोन पानं लिहायचा."

तेव्हा कळलं. सरांची पत्रं अत्तारांनी आमच्यापासून अडवली, आणि स्वतःच्या पत्त्यावर सोडली होती. सरांनी पिशवीतून शेवटचं उत्तर काढलं, छापलेलं. पहिली ओळ अशी होती: 'सर, आज दिवसभर कामाशिवाय कुणाशी बोललो नाही. आता तुमच्याशी बोलतो.'

तक्रारीवर सह्या केलेले कचेरीतले सगळे तिथंच होते, आपापल्या संगणकात डोकं घालून.

मी पलूसला फोन लावला. अत्तार म्हणाले, "पासवर्ड घेईना, साहेब. मला वाटलं, तुमी ठरवूनच बंद केलं आसंल."

"अहो, मग मला एक फोन करायचा."

"विनंती एकदाच करायची आस्ती. दुसऱ्यांदा केली की वास येतो."

त्या कंपनीला मी लगेच मेल टाकली. उत्तरही लगेच आलं, यंत्राचं: 'प्रिय ग्राहक, बंद झालेला पत्ता पुन्हा उघडता येत नाही. त्यातील सर्व पत्रे नष्ट करण्यात आली आहेत.'

संध्याकाळी मेढ्याची गाडी चुकली, म्हणून सरांना घरी घेऊन आलो. ते ओट्यावर बसले. मी आत जाऊन बायकोला सगळं सांगितलं, काही न लपवता. ती मेथी निवडत होती. ती सगळी निवडून संपवली. मग जुड्यांच्या काड्या गोळा करत म्हणाली, "उद्या सरांना घेऊन पलूसला जा. आणि तिथं काही विनोद करू नका."