सुगंधाची लाल खुर्ची

सुगंधा डोक्यावर खुर्ची घेऊन फिरायची. लाल, प्लास्टिकची, चारही पाय आभाळाकडे. चांदीपच्या आमच्या शाळेत धाकट्या बहिणीची पालक म्हणून सभेला आली, तीही अशीच. मी तिथली बाई, आचोळ्याहून रोज जाणारी. म्हटलं, "अगं, बाकं आहेत की."

"ऱ्हाऊ द्या बाई. बस म्हनायची वाट कोन बघनार?"

हे तिचं पालुपद. वय बाविशीचं, अंगकाठी किरकोळ, पण जमिनीवर म्हणून बसायचं नाही असा पणच केलेला. भजनाला गेली तर टाळ वाजवायची उभ्याने. तिला बघायला पाहुणे आले, तेव्हा नवऱ्या मुलासमोर हिने आपली खुर्ची मांडली, पायावर पाय टाकला आणि विचारलं, "तुमच्याकडं बाया कुठं बसतात?" पाहुणे अर्धा चहा टाकून गेले. आई बिचारी आत कपाळाला हात लावून बसली होती.

मूळ दुखणं निराळंच होतं. गावातल्या पोरींनी बचत गट काढला, तेव्हा तालुक्याहून साहेब आले. खुर्च्यांवर गावातले बाप्ये, आणि गट ज्यांचा त्या पोरी खाली ताडपत्रीवर. साहेब त्यांच्या डोक्यांवरून बाप्यांशीच बोलत होते. "यांना पापड-लोणची करू द्या."

सुगंधा उठून उभी राहिली. "पापड नाय. आमाला खुर्च्या पायजेत."

साहेबांना वाटलं, पोरगी रुसली. त्यांनी शिपायाला खुर्ची आणायला पिटाळलं. हिला तर खुर्च्या भाड्याने देण्याचा धंदा काढायचा होता. "पापड नाय खाल्ला तरी चालतं सायेब. पन हळदीला आख्ख्या गावाला बसायचं असतं."

साहेबांनी अर्जावर सही केली. कर्ज निघालं, खुर्च्या आल्या, जेवणाचे मोठे टोप आले. आणि त्यांच्याबरोबर आली सुगंधाची अट. पुढच्या दोन रांगा बायांच्या, कबूल नसेल तर खुर्च्या मिळणार नाहीत.

गाव पोट धरून हसलं. बाप्ये खुर्चीवर आणि बाया खाली, ही तिथली वहिवाट. लोकांनी विरारच्या मंडपवाल्याकडून खुर्च्या मागवल्या. लग्नसराई निम्मी सरली तरी गटाच्या खुर्च्या समाजमंदिरात धूळ खात पडल्या होत्या, आणि बँक काही थांबणार नव्हती. पोरी रडकुंडीला आल्या. मीही चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. "अट सोड गं, धंदा बुडेल."

"बुडू दे. अट सोडल्यावर उरतं काय बाई? प्लास्टिक."

असल्या आडमुठ्या माणसाचा रागही येतो आणि कौतुकही वाटतं. मला त्या दिवशी राग जास्त आला होता.

शेवटी माजी सरपंच अण्णा सुगंधाच्या दारात आले. मुलीची हळद तोंडावर आणि विरारच्या मंडपवाल्याने ऐनवेळी हात वर केलेले. त्यांनी अट कबूल केली, म्हणजे मान हलवली. हळदीच्या संध्याकाळी मी जाऊन बघते तो काय, पुढच्या दोन्ही रांगांत झाडून सगळे बाप्ये! बाया नेहमीसारख्या ताडपत्रीवर. सुगंधा तरातरा अण्णांसमोर गेली.

"उठा काका."

"पोरी, शुभकार्य हाय."

"म्हनूनच सांगते. शब्द तुमी दिला व्हता."

अण्णा ढिम्म हलले नाहीत. मग गटातल्या पोरींनी मागच्या रांगेपासून खुर्च्या गोळा करायला सुरुवात केली. कुणी पान थुंकायला उठला की त्याची खुर्ची गेली. बँजो बंद पडला. कुणीतरी ओरडलं, "या पोरीला गावाबाहेर काढा!" धंदा तर गेलाच, आता पोरगीही जाते म्हटलं.

तेवढ्यात अण्णांची बायको आली, हात हळदीने पिवळे. नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली. "उठा. गुडघे माजेबी दुखतात."

अण्णा उठले. ते उठल्यावर बाकीच्यांना बसून राहायचं तोंड उरलं नाही. दोन्ही रांगा बायांनी भरल्या, एकीने तर पोरालाही शेजारची खुर्ची धरून ठेवली. बँजोवाल्यालाही जोर आला.

शाबासकी द्यावी म्हणून मी सुगंधाला शोधू लागले. मांडवात ती नव्हतीच. सापडली ती घराच्या मागे, टोपांपाशी. तिची आई तिथे चुलीवरचा भात बघत होती. विधवेने हळदीच्या मांडवात यायचं नाही, म्हणून गावातल्या प्रत्येक हळदीला ती अशीच मागे असायची. सुगंधाने आपली लाल खुर्ची तिच्यापुढे ठेवली.

"आये, बस."

"नको गो. कोन बघंल."

"बघू दे. पुढल्या हळदीला हीच खुर्ची मांडवात मांडनार हाय मी."

आई खुर्चीच्या टोकावर बसली, आत्ता कुणी उठवेल अशा बेताने. मग हळूहळू तिने पाठ टेकली. सुगंधा मात्र आईच्या पायांशी, तिथेच मातीत, मांडी घालून बसली.

तिला जमिनीवर बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. हाक न मारताच मी मागे फिरले.