उताणे कावळे

अक्षदाने पाच कावळे गच्चीवर उताणे ठेवले, यात तिची काही चूक नव्हती. पुण्याच्या एका बाईंनी दिवाणखान्यासाठी चिनी मातीचे कावळे मागवले होते. पुण्यातली माणसं काय विकत घेतील याचा नेम नाही. ओतुरात बसून अक्षदा सुगरणीच्या घरट्यासारख्या फुलदाण्या, कारवीच्या फुलांच्या वाट्या असं काहीबाही हाताने घडवायची आणि भट्टीत भाजायची. कावळे मात्र तिला फारच हुबेहूब साधले. त्यांना तारेचे पाय चिकटवून, ते वाळावेत म्हणून तिने पाय वर करून उन्हात मांडले आणि ती चहा प्यायला खाली आली.

आपल्यातलं कुणी गेलं की सगळ्यांनी जमायचं, ही कावळ्यांची रीत. इथे तर एकदम पाच गेलेले. चहा संपायच्या आत गावातला एकूण एक कावळा तिच्या गच्चीवर येऊन ओरडू लागला.

नेमका त्याच सकाळी नदीवर शेजारच्या सावळेरामबाबांचा दहावा होता. पिंड मांडून तास झाला, तरी कावळा फिरकेना. बाबांची काहीतरी इच्छा राहिली, असं सगळ्यांचं मत पडलं. धाकट्या संपतने पिंडाजवळ तंबाखूची पुडी ठेवली. थोरल्या सुभाषने सरकवलेला बांध मागे घ्यायचं हात जोडून कबूल केलं. बांध सरकवलाय हे संपतला तिथेच पहिल्यांदा कळलं.

या सगळ्या बातम्या बाबांची लेक आरती घाटावरून फोनवर आईला, कुशाबाईंना देत होती. त्या गुडघ्यांमुळे घरीच होत्या. फोनवरचं बोलणं शेजारी ऐकू येताच अक्षदा धापा टाकत आली, घडलं ते तिने सांगितलं आणि कावळे लगेच उचलते म्हणाली. कुशाबाईंनी फोनवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे जरा."

मुलांनी आईची वाटणी आधीच करून टाकली होती. एक महिना सुभाषकडे चाकणला, एक महिना संपतकडे जुन्नरला, आणि या घराला कुलूप. कुशाबाईंना कुणी विचारलं नव्हतं.

"पण आजी, बाबा ताटकळलेत तिकडं."

"त्यांच्यासाठी पंचेचाळीस वर्सं जेवायची थांबले मी. आज अर्धा तास त्यांनी थांबावं."

अक्षदा शेजारी बसली. तेवढ्यात आरतीने सांगितलं की गुरुजी कंटाळून दर्भाचा कावळा करायला बसलेत. तो एकदा पिंडाला लावला की मुलं सुटली. कुशाबाई घाईने फोनमध्ये म्हणाल्या, "आरते, तुजे बाबा लई येळा म्हनायचे, ही ह्या घरातनं हलायची न्हाई."

बाबा असं जन्मात म्हणाले नव्हते.

पलीकडे बराच वेळ कुजबुज चालली. मग सुभाषचा आवाज आला. "बाबा, आईला आमी कुटं नेत न्हाई. ती तिच्या घरात ऱ्हाईल. आता शिवा."

"उचल आता," कुशाबाई म्हणाल्या.

अक्षदाने कावळे पाटीखाली झाकले. वरचे कावळे थोडा वेळ गोंधळले, मग त्यांना भूक आठवली. पाच मिनिटांत आरती फोनवर रडत सांगू लागली की एकदम सात-आठ आले. कुशाबाईंनीही डोळ्यांना पदर लावला. ते रडणं मात्र अगदी खरं होतं.

पुण्याला चारच कावळे गेले. पाचवा कुशाबाईंनी मागून घेतला.

"पोरं आज कबूल झाली," त्या म्हणाल्या, "पन वर्षश्राद्ध हाय अजून."